शब्द पुरा होईपर्यंत

कायदा शिकायचाय असं लाइ सानने जेवताना सांगितलं, तेव्हा सगळ्यात आधी तिची आत्या हसली. मग हसल्याचं तिचं तिलाच वाईट वाटलं आणि तिने आपल्या ताटलीतला माशाचा मऊ तुकडा उचलून भाचीच्या भातावर ठेवला.

हसण्यासारखं त्यात एकच होतं. 'कायदा' हा शब्द बाहेर पडायला बराच वेळ लागला होता. लाइ सान लहानपणापासून बोलताना अडायची. शब्द डोक्यात लख्ख तयार असायचा, पण ओठांपाशी येऊन दार लावून घेतल्यासारखा थांबायचा. मान किंचित हलायची, डोळे मिटायचे, आणि समोरचा माणूस एक तर दुसरीकडे बघायचा, नाहीतर दया येऊन शब्द पुरा करून द्यायचा. दोन्हीचा तिला सारखाच राग यायचा.

हे दुखणं तिने बापाकडून घेतलं होतं. आ-पा, म्हणजे थोंग क्वी फात, बालिक पुलाऊ गावाच्या डोंगरउतारावर दुरियनची, म्हणजे जड काटेरी फळांची, बाग सांभाळायचा. माणूस कामाला वाघ, पण बोलायची वेळ आली की मागे सरायचा. ती बाजू आई सांभाळायची. आ-मेची जीभ तिघांच्या वाटणीची चालायची. व्यापाऱ्याशी भाव तीच करायची, डॉक्टरला दुखणं तीच सांगायची, मग पोट क्वी फातचं का दुखत असेना. लग्न नवं असताना एकदा कोपीतिआममध्ये, म्हणजे गावच्या कॉफीच्या दुकानात, त्याने "को… को…" सुरू केलं आणि आ-मेने झटक्यात कोपी मागवून टाकली. त्याला कोएतिआओच्या शेवया हव्या होत्या. पण आलेली कोपी तो मुकाट प्यायला आणि उपाशीपोटी बागेत गेला. ही गोष्ट आ-मे स्वतःच सगळ्यांना हसून सांगायची. त्यात आपली काही चूक होती असं तिला कधी वाटलं नाही.

आत्या, म्हणजे आ-कू, डोंगरापलीकडे समुद्राकाठच्या आंतरराष्ट्रीय शाळेत धाकट्या वर्गांना गणित शिकवायची. तिनेच भाचीला त्या शाळेच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवलं होतं आणि आता रोज सकाळी आपल्या गाडीतून घाट ओलांडून तिला न्यायची. शाळेत कोरियाची, जर्मनीची, जपानची मुलं. सगळ्यांचे आईबाप कुठल्या ना कुठल्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांच्यात ही डोंगरावरची पोर गुणांनी पहिल्या पाचांत असायची आणि वर्गात तोंड म्हणून उघडायची नाही.

"हिशेबाचं काहीतरी घे," आ-कू म्हणाली. "नाहीतर संगणक. वकिली म्हणजे तोंडाचा धंदा गं. कशाला जिथे दुखतं तिथेच बोट घालतेस?"

आ-मेने तिची री ओढली. आ-पा खाली बघून जेवत राहिला.

लाइ सानने उत्तर दिलं नाही. द्यायचं होतं, पण त्या वाक्यात अवघड शब्द फार होते.

शाळेत परदेशी विद्यापीठांचं सगळं मिस तिलगा बघायच्या. जॉर्जटाउन शहरातल्या तमिळ बाई, उंच, मोठ्या कुंकवाच्या. त्यांच्या खोलीत दरवर्षी शेवटच्या वर्गातली मुलं रडून जायची आणि नंतर पेढे, केक, काय काय घेऊन परत यायची. लाइ सानने त्यांच्यापुढे विद्यापीठांची नावं ठेवली. पाचही ब्रिटनमधली. त्यांतलं एक फार जुनं, फार नावाजलेलं. तिथे लेखी परीक्षा असायची आणि त्यातून पुढे गेलं की तोंडी मुलाखत. उत्तरेकडचं एक विद्यापीठ तिला मनापासून आवडलं होतं, पण तिथली परदेशी मुलांची शिष्यवृत्ती मंडळासमोर बोलून मिळवावी लागायची. त्या शिष्यवृत्तीच्या नावावर तिने आधीच काट मारली होती.

"एका मुलाखतीला तयार आहेस आणि दुसरीवर काट?" मिस तिलगांनी विचारलं.

एकच झेपेल, असं तिने सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, कायदाच का? अर्जासोबत स्वतःबद्दल जे लिहायचं असतं, त्यात हे सांगावंच लागणार होतं. लाइ सानने कुणालाच न सांगितलेली एक गोष्ट सांगितली.

ती अकरा वर्षांची असताना वरच्या बागवाल्याने त्यांच्या कडेच्या झाडांवर दावा लावला होता. बागेतली सगळ्यात जुनी झाडं ती. जमीन कचेरीत सुनावणी होती. आ-मे तापाने फणफणलेली, म्हणून आ-पा मुलीला घेऊन एकटाच गेला. शेजारी घडाघडा बोलला. आ-पाची पाळी आली. तो उभा राहिला आणि पहिल्याच शब्दावर अडला. साहेबाने वाट पाहिली, पेन टेबलावर आपटलं, आणखी थोडी वाट पाहिली. बाकावरचं कुणीतरी खुसखुसलं. मग साहेब म्हणाला, तुमचं काही म्हणणं दिसत नाही, आणि पुढच्याला हाक मारली. घरी येताना आ-पाने तिला आइस्क्रीम घेऊन दिलं. पुढे झाडं कशीबशी राहिली, शेजाऱ्याने माघार घेतली म्हणे. पण तो बाक आणि ते खुसखुसणं तिच्या डोक्यातून गेलं नाही. जो पटपट बोलतो त्याचंच खरं धरायचं असेल, तर कचेरी हवी कशाला, असं तिला तेव्हापासून वाटत आलं होतं.

मिस तिलगांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हेच लिही," त्या म्हणाल्या.

तिने लिहिलं. चांगलं उतरलं. पण पाठवायची वेळ आली तेव्हा हात धजेना. बापाची फजिती आपण परक्या लोकांसमोर मांडतोय आणि बदल्यात जागा मागतोय, असं तिला वाटायला लागलं. तिने ते बाजूला ठेवलं आणि कायद्याची पुस्तकं, न्यायाची थोर परंपरा, असलं काहीतरी गुळगुळीत लिहून दिलं. मिस तिलगांनी ते वाचून परत केलं. हे कुणीही लिहिलं असतं, त्या म्हणाल्या, आणि यात तू कुठेच नाहीस.

पुढे जे झालं त्यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत मिस तिलगांनी आ-कूला सुचवलं, की तुमच्या भाचीला आधीचंच पाठवायला सांगा ना, जमीन कचेरीचं. आ-कूला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ऐकून तिला रडू आलं. आणि पोटात गोष्ट ठेवायची सवय त्या घरातल्या बायकांना नसल्यामुळे रविवारी जेवायला आली असताना ती सगळ्यांसमोर बोलून गेली.

आ-पाने चॉपस्टिक खाली ठेवल्या. तोंड पुसलं आणि बाहेर गेला. लाइ सानने ताटली बाजूला सारली. आ-मे नेहमीप्रमाणे बोलायला गेली आणि मध्येच उठून ताटल्या गोळा करायला लागली.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. आ-पाने सकाळीच मुलीला खुणेने बोलावलं. दोघं बागेत गेली. फळांचा हंगाम नव्हता. त्याने कोयत्याने थोडं गवत कापलं, एका झाडाचा बुंधा उगाचच तपासला आणि मग वरच्या कडेला, जुन्या झाडांच्या रांगेपाशी, एका दगडावर बसला. तिलाही बस म्हणाला.

"मी परत गेलो होतो," तो म्हणाला.

तिला कळलं नाही. मग त्याने सांगितलं. सांगायला बराच वेळ लागला, कारण 'कचेरी' त्याला अवघड जायचं आणि 'मोजणी' त्याहून अवघड. त्या सुनावणीनंतर काही आठवड्यांनी त्याने घरी खत आणायला जातो म्हणून सांगितलं आणि थेट कचेरीत गेला. त्याच साहेबासमोर उभा राहिला. म्हणाला, मला बोलायचंय आणि मला वेळ लागेल. साहेबाने घड्याळ बघितलं. आ-पा बोलत राहिला. आजोबांनी झाडं कधी लावली, हद्दीचा दगड पावसात कसा घसरला, तो पुन्हा कुणी आणि कुणादेखत बसवला. मध्ये साहेबाने स्वतःसाठी चहा मागवला. थोड्या वेळाने याच्यासाठीही मागवला. पुढच्या आठवड्यात साहेब स्वतः डोंगर चढून आला आणि दगड बघून गेला.

"मग शेजाऱ्याने माघार घेतली, ते?" तिने विचारलं.

आ-पा हसला. "तुझी आई त्याच्या दारात जाऊन भांडून आली होती. तिला वाटतं तिच्यामुळेच तो घाबरला. वाटू दे."

"मला का नाही सांगितलंत?"

"क… कुणी विचारलं नाही. आणि सांगायचं म्हणजे केवढं बोलावं लागतं."

लाइ सान समोरच्या झाडांकडे बघत राहिली. इतकी वर्षं ती बापाला हरलेला समजत होती. त्याचं वाईट वाटून घेत होती, त्याच्या वतीने कुढत होती. आणि हा माणूस तिकडे आपलं काम करून, चहा पिऊन घरी आला होता. तिला हसू यायला लागलं आणि रडूही.

"आ-पा, लिहू का मी ते?"

त्याने कोयत्याच्या पात्यावरची माती बोटाने काढली. "अर्धं लिहिलंसच ना? मग पुढचं अर्धंही लिही."

तिने लिहिलं. मिस तिलगांनी या वेळी एक स्वल्पविराम तेवढा बदलला.

लेखी परीक्षा झाली. नोव्हेंबर सरता सरता त्या जुन्या विद्यापीठाचं मुलाखतीचं बोलावणं आलं. डिसेंबरात, संगणकाच्या पडद्यावर, दोन प्राध्यापकांसमोर. तिथली सकाळ म्हणजे इथली संध्याकाळ.

आ-कूने लगेच कंबर कसली. तिने भाचीला जॉर्जटाउनमधल्या भाषणकलेच्या वर्गाला घातलं. तिथला माणूस गुळगुळीत केसांचा, मोठ्या आवाजाचा. मुलं थांबली की तो चुटकी वाजवायचा. लाइ सान थांबली की त्याच्या चुटक्या सुरू व्हायच्या त्या संपायच्याच नाहीत. दुसऱ्या खेपेनंतर ती गेली नाही. मग आ-कूने बोटांनी मांडीवर ताल धरून बोलायला शिकवलं, सूर लावून बोलायला शिकवलं, तोंडात पाण्याचा घोट धरून श्वास घ्यायला शिकवलं. बिचारी मनापासून करत होती. पण प्रत्येक युक्तीने लाइ सानला आपण काहीतरी लपवतोय असं वाटायचं, आणि लपवायला गेलं की जीभ जास्तच अडायची.

मिस तिलगांनी वेगळंच सुचवलं. विद्यापीठाला आधी कळवून टाक, त्या म्हणाल्या, म्हणजे ते तुला जास्त वेळ देतील. लाइ सान फणकारली. तिला सवलत नको होती.

"सवलत कोण मागतंय?" मिस तिलगा म्हणाल्या. "तुझ्या वडिलांनी साहेबाला काय सांगितलं होतं? मला वेळ लागेल, एवढंच ना? ती काय भीक होती?"

तिने कळवलं.

तोवर दुरियनचा वर्षअखेरचा लहान हंगाम सुरू झाला होता. आ-पा दिवसभर बागेतल्या झोपडीत बसून पडलेली फळं गोळा करायचा. शाळा सुटली की लाइ सान तिथे जायला लागली. सराव करायचा तर बापाबरोबर, असं तिनेच ठरवलं. नियम सोपे होते. दुसऱ्याचा शब्द पुरा करायचा नाही आणि तो अडला की नजर फिरवायची नाही.

आ-पाला मुलाखतीत काय विचारतात ते काय माहीत. पण जन्मभर कोपीतिआममध्ये गप्प बसून त्याने गावातली झाडून सगळी भांडणं ऐकली होती. तीच तो काढायचा. एकाची शेळी दुसऱ्याच्या जायफळाच्या रोपांत शिरली, कुंपण तिसऱ्याने मोडलेलं, तर भरपाई कुणी द्यायची? बहिणीने भावाला तोंडी शब्द दिला आणि मेली, तर त्या शब्दाला तिची मुलं बांधील का? लाइ सान उत्तर द्यायची, तो शंका काढायचा. एकेक प्रश्न संपायला दुपार जायची. मध्येच वर कुठेतरी धप्पकन फळ पडायचं आणि आ-पा टोपी घालून ते आणायला उठायचा.

या दिवसांत तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. ती अडायची त्याहून जास्त चुकवायची. अवघड शब्द दिसला की आधीच वळून सोपा घ्यायची. 'जबाबदारी' टाळून 'काम' म्हणायची. त्यामुळे तिची वाक्यं वाहती राहायची, पण तिला म्हणायचं असायचं ते त्यात नसायचं. हे तिने बापाला सांगितलं तेव्हा तो थोडा ओशाळला. म्हणाला, तुझं नाव तरी मी का ठेवलं? 'ल' मला सोपा जातो. तुझी आत्या दुसरं नाव सुचवत होती, ते मला आयुष्यात हाक मारता आलं नसतं.

आ-मे डबा घेऊन यायची. तिला झोपडीत बसायची परवानगी एकाच अटीवर होती, तोंड बंद. ती पदर तोंडात धरावा तशी हातातला पंचा तोंडात कोंबून बसायची. एका दुपारी मात्र तिला राहवेना.

"अगो, नुकसान म्हणायचंय तिला, नुकसान. मला इथे घाम फुटला."

"न… निष्काळजीपणा," लाइ सान म्हणाली.

आ-मेने पंचा पुन्हा तोंडात कोंबला. बाप-लेकीने एकमेकांकडे बघितलं आणि तिघंही पोट धरून हसली. पण त्या रात्री जेवताना आ-मेने नवऱ्याला हळूच विचारलं, तुलाही मी असंच करते का? तो विचार करून म्हणाला, कधी कधी. आ-मे नंतर बराच वेळ भांडी घासत राहिली.

मुलाखत मिस तिलगांच्या खोलीत झाली. त्या आणि आ-कू बाहेर बाकावर बसल्या. पडद्यावर पांढऱ्या भुवयांचे एक म्हातारे प्राध्यापक होते आणि एक तरुण बाई. नमस्कार झाला आणि लाइ सानने ठरवलेलं वाक्य आधी सांगून टाकलं. मी बोलताना अडते, माझा शब्द पुरा होईपर्यंत थांबा, अडले म्हणजे सुचत नाही असं नाही. वाक्य सांगताना ती तीनदा अडली. त्यामुळे ते आपसूकच पटलं.

म्हाताऱ्यांनी प्रश्न घातला. एका घरचं सफरचंदाचं झाड, त्याची फांदी शेजाऱ्याच्या अंगणावर गेलेली. शेजारी पडलेली सफरचंदं वर्षानुवर्षं खातोय, हल्ली मुरंबा करून विकतोय. झाडाचा मालक म्हणतो, फळं माझी. तुमचं काय म्हणणं?

लाइ सानला हसू आवरेना. आख्ख्या बालिक पुलाऊत दर हंगामाला हाच तंटा असतो, फक्त डोक्यात पडलं तर जीव जाईल असल्या फळांवरून.

"जमीन उतरती आहे का?" तिने विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी विचारलं, त्याने काय फरक पडतो? तिने सांगितलं, आमच्याकडे फळ पडतं एका जागी आणि थांबतं दुसऱ्या जागी. घरंगळून तिसऱ्याच्याच बागेत जातं. मग पडलं तिथलं धरायचं की थांबलं तिथलं? तिथून बोलणं रंगलं. ती अडत होती, पण चुकवत नव्हती. म्हातारे उदाहरण फिरवून फिरवून तिला कोंडीत धरत होते आणि तिला कधी नव्हे ती मजा येत होती.

मग एका वाक्यात ती अडली ती चांगलीच. "यात खरा प्रश्न ह… ह…"

"हक्काचा?" म्हातारे म्हणाले. आवाजात माया होती. मदतच करत होते.

एक क्षण तिला वाटलं, हो म्हणावं. 'हक्क' चाललाही असता, वाक्य पुढे सरकलं असतं, कुणाला काही कळलंही नसतं. जन्मभर तिने हेच केलं होतं.

"नाही," ती म्हणाली. मग थांबली. डोळे मिटले, मान हलली, खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. "ह… हद्दीचा. मला हद्द म्हणायचं होतं. हक्क तुम्ही विचारताय. मी म्हणतेय, त्याच्या आधी हद्द कुणी ठरवली ते बघा. फांदी वाढताना शेजारी गप्प बसला, फळं खाताना मालक गप्प बसला. दोघांनी मिळून गप्प बसून नवी हद्द घातली. आता तिसऱ्या कुणीतरी येऊन दोघांचं पुरतं ऐकून घ्यायला हवं."

म्हाताऱ्यांनी मान झुकवली. "माफ करा," ते म्हणाले. "तुमचा शब्द जास्त चांगला होता. बोला पुढे."

ती बाहेर आली तेव्हा आ-कू नारळाच्या कुएहचा, गोड वड्यांचा, डबा उघडून उभी होती. कसं झालं विचारल्यावर लाइ सानने सांगितलं, मी त्यांना नाही म्हटलं. आ-कूच्या हातातला डबा कलंडता कलंडता राहिला.

जानेवारीत उत्तर आलं. नकार होता.

भाषा सभ्य होती. यंदा फार चांगले अर्ज आले, आपल्याला जागा देता येत नाही याचा खेद वाटतो. लाइ सानने ते शाळेच्या ग्रंथालयात वाचलं, फोन बंद केला आणि त्या दिवशीचे उरलेले तास पुरे केले. घरी आल्यावर न्हाणीघरात नळ सोडून रडली. आ-कूने समस्त इंग्रजांचा उद्धार केला. आ-मेने मुलीच्या आवडीच्या तारोच्या, म्हणजे अळकुडीच्या, अबाकस गोट्या केल्या, त्या तशाच गार झाल्या. आपण नाही म्हणालो, म्हाताऱ्याने वरवर माफी मागितली आणि मनात धरून ठेवलं, हेच लाइ सानच्या डोक्यात फिरत होतं. गोड बोलून हो म्हटलं असतं तर आज वेगळं असतं, असं ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होती. आ-पा संध्याकाळी तिच्याजवळ ओट्यावर येऊन बसला, एवढंच.

मिस तिलगांनी मात्र स्वस्थ न बसता विद्यापीठाकडे विचारणा केली. काही आठवड्यांनी उत्तर आलं. मुलाखत फार उत्तम झाली, त्या दिवशीच्या सगळ्यांत पहिल्या काहींमध्ये तिचं नाव होतं. लेखी परीक्षेत गुण कमी पडले, निबंध घाईत संपवलेला होता.

लाइ सानने घरी वाचून दाखवलं. आ-मे ऐकत होती. "म्हणजे जिभेने नाही, हातानेच घात केला म्हण की," ती म्हणाली. "आणि आपण सगळे मेले जिभेच्या मागे लागलो होतो."

लाइ सान कित्येक दिवसांनी खळखळून हसली. गार झालेल्या गोट्यांची भरपाई म्हणून तिने त्या रात्री तीन वेळा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती मिस तिलगांच्या खोलीत गेली. उत्तरेकडच्या विद्यापीठाने तोवर जागा देऊ केली होती, पण शिष्यवृत्तीवाचून तिथे जाणं होणार नव्हतं. त्या शिष्यवृत्तीची मुदत अजून होती का, तिने विचारलं. होती. मंडळासमोर बोलावं लागेल, मिस तिलगांनी आठवण दिली. चार माणसं असतात, आणि सोपी नसतात.

"म… माहितीय," लाइ सान म्हणाली. "वेळ लागेल म्हणून सांगा त्यांना."

मंडळाने तिला खरंच घाम फोडला. एका गृहस्थांनी तर तोंडावरच विचारलं, की न्यायालयात तुमच्यासाठी कोण थांबेल? ती म्हणाली, न्यायालय थांबत नसेल तर ते माझं नाही, न्यायालयाचं वैगुण्य आहे, आणि ते दुरुस्त करायला आतलंच कुणीतरी लागेल. हे बोलायला तिला पुष्कळ वेळ लागला. मध्ये कुणी बोललं नाही.

एप्रिलमध्ये होकार आला. शिष्यवृत्तीसकट. शेवटच्या परीक्षेत अमुक श्रेणी आणायची, एवढी अट होती, ती तिने आणली. आ-कू शाळेत भेटेल त्याला सांगत सुटली, की माझी भाची कायदा शिकायला चाललीय, मी आधीपासून म्हणत होते. कुणी तिला अडवलं नाही.

सप्टेंबरात लाइ सान गेली. गाव थंड, काळ्या दगडांचं. पहिल्या आठवड्यात तिला जेवण आवडेना, लोकांचं बोलणं कळेना, आणि तिच्या नावाची त्यांनी केलेली दशा बघवेना. चर्चेच्या तासाला ती हात वर करते. काही जण थांबतात, काही घड्याळ बघतात. एका मुलीने तिचा शब्द पुरा करून दिला तेव्हा तिने सरळ सांगितलं, असं करू नकोस. ती मुलगी आता तिच्याबरोबर जेवायला बसते.

दर रविवारी घरी व्हिडिओ फोन होतो. आधी आ-मे बोलून घेते, पाऊस, दुरियनचे भाव, आ-कूचे गुडघे, सगळं. मग ती फोन नवऱ्याकडे देते. बाप-लेक समोरासमोर येतात. तिला काहीतरी सांगायचं असतं, ती अडते. मान हलते, डोळे मिटतात. पडद्यावर काहीच हलेनासं होतं.

"लाइन गेली वाटतं," आ-मे मागून म्हणते. "बंद करून परत लाव."

"ग… गेली नाही," आ-पा म्हणतो. नजर पडद्यावरून काढत नाही. "ती बोलतेय."